परतीची ट्रॉली

ट्रॉलीवर एकशे बेचाळीस पुस्तकं होती. वरच्या फळीवर एकसष्ट, मधल्या फळीवर अठ्ठेचाळीस, खालच्या फळीवर तेहतीस. त्याखेरीज एक छत्री, लहान मुलाचा एका हाताचा लोकरी मोजा, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि एक चष्मा. ग्रंथपाल बाईंनी खांद्यावरची पिशवीही न उतरवता सगळं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"मामा!"

मामा म्हणजे शाखेचे मदतनीस. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाचे ते मामाच होते, त्यांच्याहून वयानं मोठ्या असलेल्या आजोबांचेसुद्धा.

"हे काय आहे, मामा?"

"ट्रॉली आहे, बाई."

"ट्रॉली मला दिसतेय. तिच्यावर काय आहे?"

"पुस्तकं आहेत." मामांनी डोळे बारीक केले. "आणि माझा चष्मा. बघा, तुम्ही आलात आणि सापडला!"

बाई धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी नऊ दिवस रजेवर होत्या. शाखेत त्यांचा एक नियम होता: परत आलेलं पुस्तक तासाभरात आपल्या कपाटात, आपल्या जागी गेलं पाहिजे. रात्री कुलूप लावताना ट्रॉली रिकामी हवी. बाईंच्या आधीचे ग्रंथपाल सहीपुरते खुर्चीत आणि बाकी वेळ चहाच्या टपरीवर असायचे. त्यांच्या काळात परतीच्या पुस्तकांचा ढीग खिडकीपर्यंत पोचायचा म्हणतात. बाईंनी तीन वर्षांत त्या जागेचं रूप पालटलं होतं. बारा हजार पुस्तकं, आणि डोळे मिटून हात घातला तरी हवं ते सापडेल अशी मांडणी.

"नऊ दिवसांत एकदाही रिकामी केली नाहीत?"

"गुडघे, बाई. वाकलं की उठवत नाही."

"नऊही दिवस दुखत होते?"

"पहिल्या दिवशी दुखले. मग पसारा एवढा वाढला, की बघूनच दुखायला लागले."

बाईंनी बाह्या सरसावल्या आणि दुपारपर्यंत एकशे बेचाळीस पुस्तकं जागच्या जागी लावून टाकली. मग हात धुऊन संगणक उघडला, रजेच्या काळात किती पुस्तकं वाचायला गेली ते पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. त्यांच्या शाखेतून रोज सरासरी एकतीस पुस्तकं जायची. त्या नसताना रोज त्रेचाळीस गेली होती.

आकडा चांगला होता. बाईंना मात्र तो दातात अडकलेल्या कणासारखा सलायला लागला.

"मामा, मी नसताना कुठल्या शाळेची मुलं आली होती का?"

"शाळांच्या परीक्षा चालू आहेत. कुत्रं फिरकलं नाही."

"मग एवढी पुस्तकं कोणी नेली?"

"नेहमीचीच माणसं." मामांनी चष्मा शर्टाला पुसला. "खरं सांगू का? तुम्ही नसलात की वातावरण जरा मोकळं असतं."

रात्री फोनवर बहिणीनं तेच सांगितलं, फक्त मामांइतकं आडून नाही. "ताई, तू नसलीस की लोक जास्त वाचतात, असा सरळ अर्थ आहे त्याचा."

"तो एक निष्कर्ष आहे," बाई म्हणाल्या. "तपासावा लागेल."

"तपास, तपास. तोवर माझ्या लेकाला खेळवायला ये. इथे तुझ्या असण्यानं कुणाचं काही बिघडत नाही."

बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण त्या आकड्याला एक शेपूट होतं. शहराच्या मध्यवर्ती वाचनालयात बसणाऱ्या मोठ्या साहेबांनी महिन्यापूर्वी सगळ्या शाखांच्या ग्रंथपालांना बोलावलं होतं, आणि बाईंकडे पाहून पेन टेबलावर आपटलं होतं.

"गेल्या वर्षी साहित्य मेळाव्यात तुमच्या स्टॉलवर दोनशे चार नवे सभासद झाले. फुकटचं पेन मिळत होतं, लोकांनी रांग लावली. त्यातले दुसरं पुस्तक न्यायला शाखेत किती आले, माहीत आहे?"

"अकरा," बाई म्हणाल्या होत्या.

"अकरा! नव्याचे नऊ दिवससुद्धा नाहीत हो! आणि तुम्हाला संध्याकाळी पाच ते आठ दिवे लावून बसायचंय. विजेचं बिल, मामांचा जादा पगार. या वेळच्या मेळाव्यातले पन्नास सभासद महिन्याभरात दुसरं पुस्तक न्यायला आले तर संध्याकाळचं सत्र राहील. नाहीतर खोली कर विभागाला देतो, ते केव्हाचे जागा मागतायत."

संध्याकाळचं सत्र बाईंनी दोन वर्षं उंबरठे झिजवून मिळवलं होतं. दिवसा वाचनालयात कोण येणार? पेन्शनवाले, आणि परीक्षेला बसलेली मुलं. संध्याकाळी मात्र कामावरून सुटलेली माणसं यायची: बस कंडक्टर, रुग्णालयातल्या सिस्टर, गिरणीतले दोघे भाऊ, समोरच्या लाँड्रीवाल्या वहिनी. ही माणसं दिवसा येणार नव्हती. सत्र बंद म्हणजे त्यांचं वाचन बंद, इतकं ते सरळ गणित होतं.

तेव्हा हे त्रेचाळीसचं कोडं सोडवणं भाग होतं. रजेच्या काळात एकच गोष्ट बदलली होती असं बाईंना दिसत होतं: ट्रॉली भरलेली होती. (मामांचं मोकळं वातावरण त्यांनी तूर्त बाजूला ठेवलं.) त्यांनी ठरवलं, एक दिवस ट्रॉली नेहमीसारखी रिकामी करायची, एक दिवस तशीच ठेवायची. आणि ट्रॉलीवरच्या प्रत्येक पुस्तकात पिवळ्या कागदाची पट्टी घालायची. पुस्तक नोंदवायला टेबलावर आलं, की पट्टी काढून डब्यात टाकायची.

"म्हणजे एक दिवस काम करायचं आणि एक दिवस नाही," मामा म्हणाले. "बाई, तीन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माणसासारखं बोललात."

तीन आठवड्यांनी शंका उरली नाही. भरल्या ट्रॉलीच्या दिवशी दहातली सात पुस्तकं पिवळ्या पट्टीची असायची. बारा हजार पुस्तकांची कपाटं एका बाजूला, शंभरभर पुस्तकांची गाडी दुसऱ्या बाजूला, आणि माणसं गाडीला चिकटलेली. कुणी कपाटांकडे वळलंच तर पाहुण्यांच्या दिवाणखान्यात शिरावं तसं अंग चोरून.

बाईंनी लाँड्रीवाल्या वहिनींना विचारलं. वहिनी साडेसहाला दुकानाचं शटर ओढून यायच्या. त्यांच्या अंगाला गरम कपड्यांचा वास यायचा, आणि उजव्या अंगठ्याच्या बाजूला इस्त्रीचा जुना डाग होता.

"वहिनी, तुम्ही कपाटातून पुस्तक का नाही घेत?"

"कपाटासमोर उभं राहिलं की बावचळायला होतं, बाई. सगळी पुस्तकं पाठ करून उभी. कुणाला हात लावू? चुकीचं घेतलं, पंधरा दिवस फुकट." वहिनींनी ट्रॉलीवरचं एक जाड पुस्तक उचलून तळहातावर तोललं. "हे बघा, हे कुणीतरी घरी नेलं, वाचलं, परत आणून दिलं. म्हणजे आत काहीतरी असणार. गर्दीची खानावळ बघून जेवायला बसतो, तसं."

"पण त्या माणसाला आवडलं नसेल तर?"

"तर शेवटची पानं कोरी करकरीत असतात. मी आधी तीच बघते."

यावर खरं तर कुणीही खूश होऊन थांबलं असतं. बाईंनी विज्ञानाची पदवी घेतली होती आणि मग ग्रंथालयाचं शिक्षण, आणि पहिल्या शिक्षणाची खोड दुसऱ्यानं गेली नव्हती. त्यांना वाटलं, वहिनी सांगतात ते कारण खरं कशावरून? कदाचित ट्रॉली दाराशी आहे, एवढंच असेल. कदाचित बारा हजारांतून निवडण्यापेक्षा शंभरातून निवडणं सोपं. हे वेगळं काढायचं तर ट्रॉलीवर कुणीही न वाचलेली पुस्तकं ठेवून बघायला हवं.

त्यांनी दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली तीस पुस्तकं काढली, फडक्यानं पुसली, आणि परतीच्या पुस्तकांत मिसळली. यांच्या पट्ट्या निळ्या.

निळ्या पट्ट्यासुद्धा डब्यात पडायला लागल्या! त्या आठवड्यात सतरा गेल्या. वाचलेलं आणि न वाचलेलं यातला फरक ट्रॉलीवर पडल्यावर कुणाला कळत नव्हता. म्हणजे पुस्तक कसंही असो, ते ट्रॉलीवर ठेवलं की त्याला वाचक मिळतो. बाईंना त्या रात्री धड जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. आणि मग, शोध लागलेल्या माणसाचं होतं तेच झालं: लोभ सुटला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी साठ ठेवली. तिसऱ्या आठवड्यात ट्रॉलीवर परत आलेली पुस्तकं कमी आणि बाईंनी आणून ठेवलेली जास्त झाली. मेळाव्याच्या स्टॉलवर अशीच ट्रॉली भरून न्यायची, असा बेतही त्यांनी करून टाकला.

"बाई," मामा एकदा म्हणाले, "हे जरा दुधात पाणी घातल्यासारखं नाही का होत?"

"पुस्तकं चांगली आहेत, मामा. पाणी कसं?"

"नाही, मी आपलं विचारलं."

मेळावा बारा दिवसांवर आला होता, तेव्हा एका संध्याकाळी लाँड्रीवाल्या वहिनी आल्या आणि नेहमीसारख्या ट्रॉलीकडे न जाता थेट टेबलाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक कादंबरी होती. त्यांनी ती उघडून बाईंपुढे धरली.

"बाई, हे पुस्तक ट्रॉलीवर होतं ना?"

"हो."

"म्हणजे कुणीतरी वाचून परत दिलेलं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग हे बघा. एकशे बारा आणि एकशे तेरा." दोन पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यात कागदाची घडी पडते आणि कापताना एखादी कड राहून जाते, तशी. वहिनींनी त्यात बोट घालून दाखवलं. "आतली दोन पानं आजवर उघडलेलीच नाहीत. हे वाचणारा माणूस मुंगी असायला हवा. घड्यांचाच धंदा आहे माझा, न मोडलेली घडी मला कळते."

"वहिनी, ते मी ठेवलं होतं. कुणीच नेत नव्हतं म्हणून. मला बघायचं होतं की..."

"बघायचं होतं." वहिनींनी पुस्तक मिटलं. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, आणि तेच जास्त लागलं. "आम्ही तिकडे विश्वासानं हात घालत होतो, आणि तुम्ही इकडून बघत होता होय?"

त्या पुस्तक घेऊनच गेल्या. परत देणं राहून गेलं की मुद्दाम दिलं नाही, कळायला मार्ग नव्हता.

लाँड्री म्हणजे गावभरच्या बातम्यांची पेठ. दोन दिवसांत कंडक्टरपासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना कळलं. कुणी भांडायला आलं नाही. माणसं फक्त ट्रॉलीशी थांबेनाशी झाली. ट्रॉलीकडून दहात सात जायची ती दोनवर आली, आणि कपाटाकडे जाणारे काही वाढले नाहीत. कंडक्टरनं जाता जाता विचारलं, "बाई, आज काय, खरा माल आहे का?" आणि हसला. बाईंना ते हसणं कुलूप लावेपर्यंत पुरलं.

त्या रात्री त्यांनी निळ्या पट्टीचं एकेक पुस्तक ट्रॉलीवरून उतरवलं. उरली एकोणीस. मग त्या दुसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीत गेल्या.

दुकान अरुंद होतं. मागे वाफेची इस्त्री फुसफुसत होती, पुढे लाकडी फळीचं टेबल, आणि टेबलाशी चार-पाच गिऱ्हाइकं आपापल्या कपड्यांची वाट बघत उभी. वहिनींनी बाईंकडे पाहिलं आणि कॉलरवर इस्त्री फिरवत राहिल्या.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. आणखी चार वाक्यं त्यांनी पाठ करून आणली होती, ती निघालीच नाहीत.

"चुकलं खरं," वहिनी म्हणाल्या. "बाई, आमच्या धंद्यात धुतलेला आणि न धुतलेला कपडा एका गठ्ठ्यात ठेवत नाहीत. कितीही स्वच्छ दिसू दे."

"ती सगळी पुस्तकं काढलीत मी."

"काढलीत ते तुम्हाला माहीत. लोकांना कसं कळायचं?"

वहिनींनी तयार कपडे गिऱ्हाइकांना द्यायला सुरुवात केली. एका म्हातारबाबांच्या पुढ्यात निळा कोट आला, तसा शेजारचा तरुण मान वाकडी करून बघायला लागला. "आजोबा, कुठून घेतला हो? बसतो का चांगला?" म्हातारबाबा म्हणाले, "खांद्यात आवळतो, पण थंडी जवळ फिरकत नाही." तिसऱ्या माणसानं कापडाला हात लावून बघितला. एवढ्यात कुणाचातरी पडदा आला, आणि दोघी बायका त्याच्या किमतीवर बोलायला लागल्या. कपडे आपापल्या घरी जाणार होते. तरी ते मालकाच्या हातात पडतानाच दुसऱ्याचं कुतूहल जागं होत होतं, घडी घालून फळीवर पडले होते तेव्हा त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बाई तिथे इतका वेळ उभ्या राहिल्या, की वहिनींनी विचारलं, "तुमचे कपडे टाकले होते का काही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वहिनी, मेळाव्याच्या आठवड्यात पुस्तकं परत द्यायला मैदानावर याल? सगळ्यांनी? शाखेत नाही, तिकडे स्टॉलवर. नवी पुस्तकं मी ठेवणारच नाही. परतीचं टेबल तिकडे नेते. लोकांच्या डोळ्यांदेखत तुम्ही द्यायचं, तिथेच ट्रॉलीवर पडेल. मध्ये माझा हातच नको."

वहिनींनी कॉलरवर इस्त्री दाबली. वाफ दोघींच्या मध्ये उभी राहिली.

"मैदान लांब आहे," त्या म्हणाल्या. "बघते."

मोठ्या साहेबांना पटवणं त्याहून अवघड गेलं. "मेळाव्यात उष्टी पुस्तकं मांडणार? बाहेरगावचे लेखक येतात, लोक फोटो काढतात, आणि आपण चहाचे डाग पडलेली पुस्तकं दाखवायची?"

"गेल्या वर्षी कोरी दाखवली होती, साहेब."

अकरा हा आकडा साहेबांनाही पाठ होता. "करा. पण पेन वाटायचं नाही म्हणता, मग सभासद होणार कोण? हात दाखवून अवलक्षण करून घेताय. पन्नासचं मी सोडणार नाही, सांगून ठेवतो."

मेळावा तीन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी मैदानावर शेकडो माणसं आली. शेजारच्या स्टॉलवर मोठ्या फलकासमोर उभं राहून फोटो काढून मिळत होता, तिथे रांग फाटकापर्यंत गेली. मांडवातून लाउडस्पीकरवर चर्चासत्र ऐकू येत होतं. विषय होता वाचनाची आवड कशी वाढेल. अध्यक्ष मोठे साहेब, वक्ते पाच, श्रोते साधारण वीस, त्यातले निम्मे सावलीसाठी बसलेले.

बाईंच्या स्टॉलवर एक टेबल, दोन खुर्च्या, एक पाटी आणि रिकामी ट्रॉली होती. पाटीवर मामांनी जाड अक्षरात लिहिलं होतं: "इथे लोक वाचलेली पुस्तकं परत देतात. हवं तर तुम्ही न्या." माणसं पाटी वाचत, रिकाम्या ट्रॉलीकडे पाहत, आणि पुढे जात. एका गृहस्थांनी विचारलं, "पुस्तकं संपली का?"

"यायचीत अजून," मामा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत एकही आलं नाही. मामांनी खुर्चीखालच्या खोक्यावर पाय ठेवला. त्यात शाखेतून आणलेली पन्नास पुस्तकं होती, सभासदांनी मागितलीच तर द्यायला म्हणून.

"बाई, टाकू का चार? नुसती शोभेला. रिकामी गाडी बघवत नाही."

बाईंनी खोक्याकडे पाहिलं. मैदानावरच्या कुणालाही कळलं नसतं. चार ठेवली असती तर एखाद्यानं एखादं नेलंही असतं, आणि आज अजून भोपळाही फुटला नव्हता.

"नको," त्या म्हणाल्या.

"दोन?"

"मामा!"

"बरं, बरं. मी आपलं गुडघ्यांच्या वतीनं विचारलं, रिकामी ढकलायला हलकी असते."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई टेबलावर कोपर टेकून बसल्या होत्या. मांडवातली चर्चा काल जिथे संपली होती तिथूनच पुढे चालू होती. तेवढ्यात गर्दीतून कपड्यांचा एक मोठा गठ्ठा चालत आला. गठ्ठ्याच्या मागे लाँड्रीवाल्या वहिनी होत्या.

"पलीकडच्या हॉटेलचे टेबलक्लॉथ द्यायचे होते," त्यांनी गठ्ठा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आदळला. "म्हटलं, जाता जाता." मग पिशवीतून ती कादंबरी काढली आणि टेबलावर ठेवली. "घ्या. वाचलं."

"हे?" बाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी उचललं. "तुम्ही हे पूर्ण वाचलंत?"

"रागारागानं सुरू केलं. म्हटलं, एवढी वर्षं कुणी का नेलं नाही ते तरी बघू. एकशे बारा आणि तेरा मी सुरीनं उघडली. इस्त्रीही फिरवली वरून." वहिनी मोठ्यानं बोलत होत्या, कारण लाउडस्पीकर त्यांच्याहून मोठ्यानं बोलत होता. "सुरुवातीची पन्नास पानं निव्वळ कंटाळा. तो माणूस नुसता गच्चीवर उभा राहून विचार करतो. मी म्हटलं, बाबा रे, खाली उतर, काहीतरी काम कर. मग त्याची बायको नोकरी धरते, आणि तिथून जे सुरू होतं! सोमवारी वाचताना एका गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला मी. पाठीवर, एवढा."

"मग?" हे बाईंनी विचारलं नव्हतं. स्टॉलसमोर एक बाई थांबली होती, हातात शेजारच्या स्टॉलवरचा फोटो.

"मग काय, भरून दिला."

"शर्टाचं नाही हो. त्या बायकोचं पुढे काय होतं?"

"ते मी सांगू?" वहिनींनी कंबरेवर हात ठेवले. "मी शर्ट जाळायचा आणि तुम्हाला आयतं?"

चार-पाच जण हसले. हसणं ऐकून आणखी तिघे थांबले. मामांनी नोंदवून ट्रॉलीवर टाकलेलं एकुलतं एक पुस्तक फोटोवाल्या बाईंनी उचललं, एकशे बारावं पान उघडून बघितलं आणि विचारलं, "हे न्यायला काय करावं लागतं?"

"नाव, पत्ता, आणि पंधरा दिवसांत परत," मामा म्हणाले. "परत इथे नाही हं, शाखेत. संध्याकाळी आठपर्यंत असतो आम्ही."

"आणि शर्ट सांभाळा," वहिनी म्हणाल्या.

पाच वाजता कंडक्टर आला, गणवेशातच, बसचा फेरा मध्येच सोडून आल्यासारखा घाईत. त्यानं प्रवासवर्णन परत दिलं आणि कुणी न विचारताच सांगितलं, की रोज एकाच रस्त्यावरून चौदा फेऱ्या मारणाऱ्या माणसानं हे वाचू नये, डोकं फिरतं. ते लगेच एका कॉलेजच्या मुलीनं नेलं. गिरणीतल्या भावांपैकी धाकट्यानं रहस्यकथा आणली. खुनी कोण हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, तर मोठ्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि दोघांची झटापट बघायला गर्दी जमली. सिस्टर रुग्णालयातून आल्या, त्यांनी पुस्तक ट्रॉलीवर ठेवलं, पुन्हा उचललं आणि म्हणाल्या, "हे आज नाही देत. शेवट अजून एकदा वाचते." यावरून तीन जणांनी त्या पुस्तकाला नंबर लावला.

तिसऱ्या दिवशी दुपारीच मांडवात चर्चासत्राचा समारोप करून मोठे साहेब स्टॉलवर आले. ट्रॉलीवर त्या क्षणी सहा पुस्तकं होती, आणि ती येत होती तितक्याच वेगानं जात होती. साहेबांनी त्यातलं एक दोन बोटांनी उचललं. मुखपृष्ठावर कपाच्या बुडाचा गोल डाग होता.

"हे कुणी केलं?"

"मी," रांगेतला एक म्हातारा म्हणाला. "चहा गार होऊन गेला, साहेब, आणि मला कळलंच नाही. चांगलं आहे, न्या."

साहेबांनी पुस्तकाची शेवटची पानं उघडून पाहिली. मग त्यांनी मामांना नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि ते पुस्तक काखेत मारून निघून गेले. मेळाव्यातल्या सभासदांत त्यांचा क्रमांक लागला छप्पन्नावा.

"हे धरायचं का मोजणीत?" मामांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ते आपल्यातले."

मेळाव्यानंतर बाईंनी मामांच्या गुडघ्यांना जाहीर माफी दिली. दिवसभरात परत आलेली पुस्तकं आता दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत ट्रॉलीवर राहायची, आणि त्यांच्यात बाहेरचं एकही मिसळायचं नाही. न वाचलेल्या पुस्तकांना त्यांनी खिडकीशी वेगळी फळी दिली, तिच्यावर तसं स्पष्ट लिहून. वहिनी आता आधी त्या फळीशी जायच्या, दर वेळी पानांच्या घड्या तपासत.

"तुमची बहीण काय म्हणते?" मामांनी एकदा विचारलं. "तुम्ही नसलात की लोक जास्त वाचतात, त्याचं काय झालं?"

"तपास चालू आहे," बाई म्हणाल्या.

महिना संपला त्या संध्याकाळी आठ वाजता मामांनी दाराला कडी घातली, आणि बाईंनी मेळाव्यात झालेल्या सभासदांची मोजणी केली. मोठे साहेब वगळून नवे सभासद एक्क्याण्णव. महिन्याभरात शाखेत येऊन दुसरं पुस्तक नेलेले, अठ्ठावन्न. तिसरं नेलेले, चौतीस.